एकोणचाळिसावी नोंद

आमच्या मजल्यावर सगळे मला मामा म्हणतात. खरं तर मी एकट्या चिंगीचा मामा, तिच्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. पण सात वर्षांपूर्वी ती या प्रयोगशाळेची प्रमुख होऊन आली आणि पहिल्याच बैठकीत, सगळे गंभीर चेहरे करून बसलेले असताना, तिच्या तोंडून निघून गेलं, "मामा, ती खिडकी लाव ना." झालं. त्या दिवसापासून संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचा मी मामा. कामावर मी तिला बाई म्हणतो, घरी चिंगी. आता ती त्रेचाळीस वर्षांची आहे, चष्मा आहे, कानाजवळचे केस पांढरे झालेत, पण भाचीला काही वय नसतं.

मी शास्त्रज्ञ नाही. मी यंत्र सांभाळणारा माणूस. पंप, झडपा, आरसे, वायरी, पाण्याच्या नळ्या. एकोणतीस वर्षं एकाच खोलीत काढली. शास्त्रज्ञ येतात, चार निबंध छापतात आणि मोठ्या जागी निघून जातात. यंत्र आणि मी तिथेच. त्यामुळे माझा स्वभाव तिरसट झाला असं बायको म्हणते. लग्नाआधी ती मला नीट भेटली असती, तर तो आधीपासूनच तसा होता हे तिला कळलं असतं.

यंत्र काय करतं ते सांगतो, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. काचेची एक डबी आहे, मुठीत मावेल एवढी. तिच्यातली हवा पंपांनी उपसून उपसून जवळजवळ शून्यावर आणलेली. तिच्यात थोडेसे अणू सोडायचे आणि लेझरच्या प्रकाशाने त्यांना थंड करायचं. लेझरने वस्तू तापते, थंड कशी होईल, असं लोक विचारतात. मीही विचारलं होतं. पण होते, आणि इतकी होते की जगात कुठे एवढी थंडी आपोआप सापडत नाही. मग प्रकाशाच्याच बारीक नळ्या करायच्या आणि एकेका नळीत शेपन्नास अणू रांगेत बसवायचे. नळी इतकी अरुंद की कुणाला कुणाच्या बाजूने निसटता येत नाही. अरुंद बोळात दोन जाडे समोरासमोर आले की जे होतं ते.

मग प्रकाशाचा एक टोला द्यायचा. अर्धे अणू इकडे पळतात, अर्धे तिकडे. टोकाला जाऊन परत येतात, मध्ये टकरतात, पुन्हा पळतात. मोकळ्या खोलीत असं केलं तर चार टकरांत सगळी सरमिसळ होते आणि वायू शांत बसतो. रांगेत तसं होत नाही. सारख्या गोट्या एका चरात सोडून बघा. एक दुसरीवर आपटली की पहिली थांबते आणि तिचाच वेग घेऊन दुसरी पळते. वेग हात बदलतात, एवढंच. हजार टकरा झाल्या तरी टोला कसा बसला होता ते वायू विसरत नाही. फोटोत दोन उंचवटे दिसतात, एक इकडे पळणाऱ्यांचा आणि एक तिकडे, आणि ते दोनचे दोनच राहतात.

हे जगाला आधीपासून ठाऊक होतं. चिंगीने तीन वर्षांपूर्वी दाखवलं ते याच्या पुढचं होतं: रांगेतला वायूसुद्धा हळूहळू विसरतो. तीन-चार सेकंदांत दोन उंचवटे वितळून एक होतात. आणि प्रकाश जितका जोरात करावा तितका तो लवकर विसरतो, तेही एका ठरलेल्या नियमाने. तो नियम तिने काढला. तीन अणू एकाच वेळी एकमेकांच्या जवळ आले तर काय होतं, यावर तिचं सगळं गणित उभं होतं. निबंध छापला, लोकांनी नावाजला. तिची नेमणूक सात वर्षांची होती आणि आठव्या वर्षी कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. त्या एका नियमाच्या जोरावर ती कायम होणार हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. ताईने, म्हणजे तिच्या आईने, तर शेजारपाजारच्यांना सांगूनही टाकलं होतं.

मग दाढीवाल्याचं पत्र आलं. दाढीवाला म्हणजे दुसऱ्या देशात असंच यंत्र चालवणारा एक शास्त्रज्ञ. परिषदांच्या फोटोंत त्याची दाढी आधी दिसते आणि तो नंतर, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव तेच पडलं होतं. माणूस सभ्य. त्याने लिहिलं होतं की तुमचा प्रयोग आम्ही चौदा महिने करून पाहिला, आमचा वायू काही विसरत नाही. चूक आमचीही असेल. तुमच्या यंत्रात गेल्या चार वर्षांत जे जे बदल झाले त्यांची संपूर्ण यादी पाठवता का, म्हणजे ताडून पाहता येईल.

चिंगी हसली. म्हणाली, याच्या काचेच्या डबीत हवा शिरत असेल. आणि यादी करायला मला सांगितलं, कारण बदलांची नोंदवही माझी.

त्या नोंदवहीचं थोडं सांगायला हवं. आधीच्या प्रमुखांच्या काळात काही बिघडलं की खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून चिंगी आली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात अट घातली: यंत्राला हात लावला की मी वहीत लिहिणार, आणि दर शनिवारी आठवड्याच्या नोंदींखाली बाईंनी सही करायची. भाची झाली तरी शिस्त ती शिस्त. तिने सात वर्षांत एक शनिवार चुकवला नाही.

तर मी वही घेऊन खिडकीपाशी बसलो आणि यादी करू लागलो. आरसा बदलला, पंपाचं तेल बदललं, पाण्याच्या नळीचं तोंड बदललं. असं करत करत तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर आलो. तिथे माझ्याच अक्षरात होतं: लेझरच्या वीजपेटीला पंखा बसवला. वायरींची जुडी टेबलावरच्या खांबाला पट्टीने बांधली.

मला तो आठवडा लख्ख आठवला. ताई तेव्हा इस्पितळात होती, हृदयाचं दुखणं. चिंगी सकाळी इस्पितळ, दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी पुन्हा इस्पितळ अशी पळत होती. त्यात लेझरची वीजपेटी तापून दर दोन-तीन तासांनी बंद पडायची. ती बंद पडली की सगळं यंत्र पुन्हा जुळवायला दीड तास. एका दुपारी ती पेटीसमोर स्टुलावर बसून चालू होण्याची वाट बघत होती आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली, हातातला पेन गालाला टेकलेला, गालावर शाईची रेघ. मला बघवेना. दुसऱ्या दिवशी मी पेटीला पंखा बसवला. तापमानावर चालणारा, पेटी जास्त तापली की जोरात फिरणारा. पेटी जमिनीवरच्या मांडणीत होती, टेबलावर नव्हती. टेबलावर फिरणारी वस्तू ठेवायची नाही हा या खोलीचा पहिला नियम, आणि तो मोडणाऱ्यांना मीच फाडून खातो. टेबल हवेच्या पायांवर तरंगतं, कुणाच्या चालण्याचा धक्कासुद्धा आरशांना लागू नये म्हणून. मी मांडणीखाली रबरही घातलं. सगळं नीट केलं. फक्त वायरींची जुडी पायात येत होती, चिंगीच्या पायात अडकेल म्हणून ती प्लास्टिकच्या पट्टीने टेबलावरच्या खांबाला घट्ट आवळली. पंख्याची थरथर मांडणीत, मांडणीची वायरींत, आणि वायरींची त्या एका पट्टीवाटे टेबलात.

मग मी तिच्या प्रयोगाची वही उघडली. दोन उंचवटे वितळलेला पहिला फोटो पंखा बसवल्यानंतर पाचव्या दिवशीचा होता.

प्रकाश जोरात करायचा म्हणजे लेझरला जास्त वीज. जास्त वीज म्हणजे पेटी जास्त गरम, पेटी गरम म्हणजे पंखा जोरात. प्रकाश वाढवला की वायू लवकर विसरतो, हा तिचा नियम होता, आणि तो पंख्याचा नियम असू शकत होता.

असू शकत होता. या दोन शब्दांना मी धरून बसलो. पंखा टेबलावर नाही, म्हणजे तो यंत्रातला बदल नाही. रबर आहेच. आणि एवढी मोठी शास्त्रज्ञ, तिने काय हे तपासलं नसेल? मी कोण अक्कल पाजळणारा? खरी गोष्ट अशी की मला भीती वाटली. यादीत अडतीस बदल लिहिले. एकोणचाळिसावा लिहिला नाही.

चिंगीने यादी तशीच पाठवली, वर दोन ओळी लिहून: ही संपूर्ण यादी आहे, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. खाली तिची सही. त्या ओळी तिने मला वाचून दाखवल्या आणि विचारलं, जरा तिखट झालं का? मी म्हटलं, नाही, ठीक आहे.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. जेवण जाईना. बायको म्हणाली, पोट बिघडलं असेल. चिंगी एका मोठ्या परिषदेतल्या भाषणाची तयारी करत होती आणि मधूनमधून मला चित्रं दाखवायची, हे पुढे घेऊ की ते? चोराच्या मनात चांदणं. ती नुसतं "मामा" म्हणाली तरी मला वाटायचं, कळलं हिला.

बाराव्या दिवशी ती बैठकीला गेली असताना मी एक पसरट भांडं पाण्याने भरलं आणि टेबलावर ठेवलं. एक छोटा लाल दिवा त्या पाण्यावर मारला. त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडला. जुनी युक्ती आहे. टेबल हललं की पाणी हलतं, पाणी हललं की ठिपका. लेझर कमी ठेवला तेव्हा ठिपका जवळजवळ स्थिर होता. लेझर वाढवला, पेटी तापली, पंख्याचा आवाज चढला आणि भिंतीवरचा ठिपका ताप भरलेल्या माणसासारखा थरथरायला लागला. मी पट्टी चिमटीत धरून थोडी सैल केली. ठिपका थांबला. सोडली, पुन्हा थरथर. आता असू शकतं-बिकतं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आल्या आल्या मी तिला सगळं सांगितलं. पंखा, पट्टी, तारखा, पाण्याचं भांडं. आणि यादीचंही सांगितलं, की ती नोंद मी पाहिली होती आणि मुद्दाम गाळली. ती पिशवी खांद्यावर ठेवूनच ऐकत होती. रागावेल, ओरडेल, हातातलं काही फेकेल असं वाटलं होतं. फेकलं असतं तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "पंखा बंद ठेवला तर पेटी किती वेळ चालेल?"

मी म्हटलं, अडीच तास.

"मग पट्टी काप."

मी पट्टी कापली, पंखा बंद केला. तिने यंत्र सुरू केलं. एक फोटो म्हणजे वीस सेकंद: अणू पकडा, थंड करा, रांगेत बसवा, टोला द्या, थांबा, फोटो. फोटो काढला की ते अणू गेले, पुढच्या वेळी नवे. ती पडद्यासमोर बसली आणि मी तिच्या मागे उभा. एक सेकंद थांबून फोटो काढला, दोन उंचवटे. तीन सेकंद, दोन उंचवटे. पाच सेकंद. आठ. आठच्या पुढे अणूच उरत नाहीत, डबीतली उरलीसुरली हवा त्यांना उडवून लावते. शेवटच्या फोटोत अणू विरळ झाले होते, पण उंचवटे दोनच होते. वायू काही विसरला नव्हता.

मग ती म्हणाली, पट्टी परत बांध. तसंच करावं लागतं. एकदा काढून बघितलं म्हणजे सिद्ध होत नाही. मी नवी पट्टी बांधली, पंखा लावला, आणि उंचवटे वितळले. कापली, वितळेनात. पुन्हा बांधली, पुन्हा कापली. तीन वेळा त्याच हातांनी मी तिची तीन वर्षं बांधली आणि कापली. दुपारी पेटी तापून बंद पडली तेव्हा तपासायचं काही राहिलं नव्हतं.

त्याच दिवशी तिने निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहायला घेतलं. मी म्हटलं, त्यात लिही की नोंद मी लपवली. ती लिहीत राहिली. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा तिने चष्मा काढला.

"काय लिहू? माझ्या खोलीत तीन वर्षं काय फिरत होतं ते मला माहीत नव्हतं, असं? ते याहून वाईट आहे, मामा. यादी माझ्या सहीने गेली, यादी माझी. आणि तुझे नऊ महिने राहिलेत निवृत्तीला. गप बस आता."

मी गप्प बसलो. पत्रात तिने लिहिलं की पंख्याची थरथर हे खरं कारण होतं आणि ती नोंद यादीतून नजरचुकीने राहिली. दाढीवाल्याचं उत्तर चार दिवसांत आलं. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो, असं होतं. खाली एक प्रश्नही होता, अगदी मऊ शब्दांत: बाकी अडतीस बदल इतके बारकाईने लिहिले असताना नेमका हाच कसा राहिला? त्याने पत्राची प्रत आमच्या संचालकांना पाठवली होती.

मजल्यावर कुजबुज सुरू झाली. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका विनोदवीराने म्हटलं, साऱ्या जगाला मामा बनवलं, आणि तेही मामाच्याच पंख्याने. लोक हसले. मला पाहून थांबले. निष्कर्ष चुकला याचं कुणाला फार काही नव्हतं, चुका होतात. हिने पत्र आल्यावर पंखा ओळखला, मुद्दाम लपवला, आणि दाढीवाला पिच्छा सोडेना तेव्हा नाइलाजाने कबूल केला, असं सगळे म्हणू लागले. तारखाही तशाच दिसत होत्या. यादी गेली आणि तेरा दिवसांनी कबुली आली. त्या तेरा दिवसांतले अकरा माझ्या भीतीचे होते. आता प्रश्न कायम होण्याचा राहिला नव्हता. खोटारडी म्हणून नाव निघालं तर तिला कुठल्याच प्रयोगशाळेत कुणी उभं करणार नव्हतं.

संचालकांनी तिघांची चौकशी समिती नेमली. चिंगीला दोन तास विचारलं. ती तेच म्हणाली, यादी माझी, चूक माझी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि मी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. ती रागावली तरी चालेल. नोंदवही काखेत मारली, स्वच्छ शर्ट घातला आणि गेलो. मला खात्री होती की ही वही तिला सोडवणार.

खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याचे तीन ग्लास, भिंतीवर मागच्या वर्षीची दिनदर्शिका. मधल्या खुर्चीवर अध्यक्षबाई, रसायनशास्त्राच्या, माझ्याच वयाच्या. बोलायला शांत. मी उभ्यानेच सुरुवात केली, त्यांनी बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, एक शब्द आत ठेवला नाही. पंखा मी बसवला. बाईंना ठाऊक नव्हतं. यादी मी केली, नोंद पाहिली, घाबरलो आणि गाळली. त्यांनी विश्वासाने सही केली. मग वही उघडून ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. हे बघा, अक्षर माझं.

अध्यक्षबाईंनी पान वाचलं. मग बोट खाली नेलं.

"आणि ही सही कुणाची?"

त्या आठवड्याच्या नोंदींखाली शनिवारची सही होती. चिंगीची, पूर्ण, तारखेसकट. पंख्याच्या ओळीपासून दोन बोटं खाली.

मी म्हटलं, ती दर शनिवारी सही करते, वाचत नाही.

उजवीकडच्या सदस्याने विचारलं की सात वर्षं दर आठवड्याला सही करणारी शास्त्रज्ञ एकदाही वाचत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? मी म्हटलं, हो, कारण लिहिणारा मी असतो. त्याने ते लिहून घेतलं. मला कळत होतं की मी तोंड उघडेन तसं ती खोल जाते आहे. वाचलं असेल तर लबाड, वाचलं नसेल तर बेजबाबदार, आणि दोन्हीचा पुरावा मीच काखेत मारून आणला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, पंखा, पट्टी, इस्पितळ, गालावरची शाईची रेघ. बोलता बोलता मला रडू आलं. एकसष्ट वर्षांचा माणूस तीन परक्या लोकांसमोर रडला.

अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. त्यांच्या आवाजात दयाच होती.

"तुम्ही त्यांचे सख्खे मामा ना?"

"हो."

"तुमच्या जागी मी असते, तर मीही हेच सांगितलं असतं."

मी म्हटलं, अहो, पण हे खरं आहे. त्यांनी मान हलवली, समजूतदारपणे, घरच्या माणसाची समजूत घालतात तशी. मग मला जायला हरकत नाही असं सांगितलं. वही त्यांनी ठेवून घेतली.

बाहेर बाकावर चिंगी बसली होती. मी काय करून आलो ते तिला माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं. मी शेजारी बसलो आणि सांगितलं, सहीचंही सांगितलं. ती समोरच्या बंद दाराकडे बघत होती. मग म्हणाली, "वाचलं असतं तर मला त्याच दिवशी कळलं असतं. फिरणारी वस्तू आणि टेबलाला बांधलेली वायर एकाच ओळीत. एका मिनिटात कळलं असतं." आणि पुढे, "पण तू लिहिलेलं होतं ना."

ती मला बोल लावत नव्हती. ती स्वतःलाच काहीतरी समजावत होती, आणि ते ऐकणं मला बोल लावण्याहून जड गेलं. आम्ही जिना उतरून आपापल्या घरी गेलो.

निर्णय सोळा दिवसांनी आला, एका पानाचा. पंख्याची माहिती प्रयोगशाळेच्या प्रमुखांना होती हे त्यांच्या सहीवरून दिसतं, ती त्यांनी हेतुतः दडवली असं मानायला जागा आहे, सबब नेमणूक पुढे चालू ठेवता येत नाही. माझ्याबद्दल एक ओळ होती: साहाय्यकाची साक्ष नात्यामुळे विचारात घेतलेली नाही. मला कुणी काही केलं नाही. माझे नऊ महिने शाबूत राहिले.

यंत्र कुणी मागितलं नाही. पंप बंद करून डबीत हवा सोडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. झडप चतकोर फिरवली की झालं. सात वर्षं उपसलेली पोकळी हवेने भरायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्या रविवारी मी ताईकडे गेलो. ताई आता सत्तरीची आहे, खुर्चीतून फारशी उठत नाही, औषधांचा डबा मांडीवरच असतो. चिंगी टेबलापाशी बसून कुठल्याशा शाळेसाठी अर्ज भरत होती. तिथे विज्ञान शिकवायला कुणीतरी हवं होतं. ताईने निर्णयाचं पान दोनदा वाचून घेतलं होतं, एकदा चिंगीकडून आणि एकदा शेजारणीकडून. मी बसलो तशी तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी माझं काही फुटलं-तुटलं की ती अशीच बघायची, पण तेव्हा त्यात हसू असायचं.

"तुला बोलावलं होतं ना रे त्यांनी?"

मी म्हटलं, हो.

"मग तू काही बोलला नाहीस?"

"बोललो, ताई. सगळं सांगितलं. चूक माझी होती असं सांगितलं."

ताईने मान हलवली. "तुझी साक्ष धरलीच नाही असं लिहिलंय त्यांनी. तू सांगितलं असतंस तर तुझी नोकरी राहिली असती का?"

तिचा हिशोब चुकीचा नव्हता. भाऊ खरं बोलला असता तर भावाला शिक्षा झाली असती; भावाला काही झालं नाही, म्हणजे भाऊ बोलला नाही. समितीला वाटलं मी भाचीसाठी खोटं बोललो, आणि बहिणीला वाटलं मी स्वतःसाठी गप्प राहिलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"पोरीने तुला काही कमी केलं नाही," ताई म्हणाली. "आयुष्यात एवढं एकच बोलायचं होतं तुला तिच्यासाठी."

मी चिंगीकडे बघितलं. एक वाक्य, "आई, तो बोलला," एवढं तिने म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने ऐकलं होतं. पेन थांबला होता. मी वाट बघितली. मग पेन पुन्हा चालू झाला, आणि ती अर्जातला पुढचा रकाना भरायला लागली.